काळ्या दगडावरची रेघ

वैजापूर तालुक्यात विहीर खणायला घेतली की खोली फुटांत मोजतात, पण काम कुठवर आले ते थरांच्या नावांनी सांगतात. आधी निघते ती ‘काळी’. काळी संपली की ‘मुरूम’ लागतो: तपकिरी, पहारीने उकरता येणारा, मुठीत दाबला तर चुरा होणारा. मुरमाखाली कधी कधी भोकाभोकांचा, जरा मऊ खडक येतो. त्याला बऱ्याच गावांत ‘मांजऱ्या’ म्हणतात. तो दिसला की काठावरच्या माणसांची आशा वाढते, कारण त्याच्या भोकांतून आणि सांध्यांतून पाणी झिरपते. आणि मग एखाद्या दिवशी खालून पहारीचा ठणका वेगळाच येतो. वर उभ्या असलेल्यांना काही समजावून सांगावे लागत नाही. पाषाण लागलेला असतो.

पाषाण म्हणजे घट्ट, काळा, अंगाला सहसा भेग नसलेला बेसाल्ट. त्याच्यापुढे कुदळ आणि पहार थकतात, सुरुंग लावावा लागतो. पाणी धरून ठेवायला त्याच्या पोटात जागा नसते. भेग असेल तिथे झरा फुटतो, नसेल तिथे विहीर कोरडी राहते. ‘दगडाला पाझर फुटणे’ हा वाक्प्रचार आपण निष्ठुर माणूस विरघळला की वापरतो. वैजापूरच्या उत्तरेकडच्या, डोंगराकडच्या गावांत तो अजून शब्दशः वापरता येतो.

काळी, मुरूम, मांजऱ्या, पाषाण. नावे चार, पण दगड एकच. पाषाण हा धडधाकट बेसाल्ट. मांजऱ्या हाही बेसाल्टच, पण थिजताना वायूचे बुडबुडे पोटात अडकलेला. मुरूम हा अर्धवट झिजलेला, आणि काळी माती ही त्याच दगडाची पूर्ण झिजून पिकाच्या कामी आलेली अवस्था. विहीर खणणाऱ्यांनी ही ओळख कुठल्या प्रयोगशाळेत करून घेतलेली नाही. हाताला जे जाणवले त्याला त्यांनी नाव दिले.

या प्रकरणात या दगडाच्या दोन कामांकडे पाहायचे आहे. एक काम भिंतीतले, दुसरे बोलण्यातले. ही दोन कामे वेगळी वाटतात, पण ज्या हातांनी दगड घडवला त्याच माणसांच्या तोंडी भाषा घडली. म्हणून दगडाचा गुण शब्दातही उतरला.

थिजलेली आग

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. चित्रात दाखवतात तसा शंकूच्या टोकातून उसळणारा हा ज्वालामुखी नव्हता. उकळत्या दुधासारखा हा रस भेगांच्या काठांवरून उतू गेला आणि सपाट पसरत गेला. त्याचे तापमान हजार अंश सेल्सियसच्या वर होते. एक थर थिजला, मध्ये काही काळ गेला, त्याच्यावर दुसरा आला. असे थरावर थर चढत गेले. आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूभागावर पसरलेला आहे, आणि सह्याद्रीत त्याची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते.

दोन थरांमधल्या उसंतीच्या काळाची खूणही शिल्लक आहे. घाटातून जाताना काळ्या कड्यात मध्येच विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. आधीचा थर हवापाण्याने जरा कुजला आणि मग नव्या लाव्ह्याखाली गाडला गेला, त्याची ती खूण. टणक थर झिजायला वेळ घेतो, मऊ थर लवकर झिजतो, म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्या पडल्या. शास्त्रज्ञ या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. त्यातला ‘ट्रॅप’ हा स्वीडिश भाषेतल्या पायरी किंवा जिना या अर्थाच्या शब्दावरून आला आहे.

दगड काळा का? त्यात लोह आणि मॅग्नेशियम असलेली गडद खनिजे भरपूर आहेत म्हणून. कठीण का? लाव्हा जमिनीवर आल्यावर तुलनेने लवकर थंड झाला, त्यामुळे स्फटिकांना मोठे व्हायला वेळ मिळाला नाही. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक कण एकमेकांत घट्ट गुंतून बसले. चांगल्या बेसाल्टचा एक घनफूट तुकडा ८० किलोंच्या आसपास भरतो. दर चौरस सेंटिमीटरला १००० किलोंहून अधिक दाब तो सहज झेलतो. साध्या घराचे काँक्रीट दोनशे-अडीचशे किलोंच्या हिशेबाने केलेले असते.

जिथे बुडबुडे अडकले तिथल्या पोकळ्यांत पुढे खनिजयुक्त पाणी झिरपले आणि पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक वाढले. शेतात नांगराला लागणाऱ्या गारगोट्या बहुधा त्या पोकळ्यांतूनच सुटलेल्या असतात. जिथे जाड थर सावकाश थंड झाला तिथे आकसताना त्याला उभ्या भेगा पडल्या आणि खांबांसारखा खडक तयार झाला. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी हे त्याचे ठळक उदाहरण.

या दगडाचे गणगोत पृथ्वीपुरतेही नाही. चंद्रावर आपल्याला जो ससा किंवा जे हरीण दिसते, ते गडद डाग म्हणजे बेसाल्टची मैदाने आहेत. २० जुलै १९६९ रोजी माणूस चंद्रावर उतरला तो अशाच एका मैदानात, आणि तिथून आणलेल्या दगडांत बेसाल्ट होता. अंगणात बसून नातवंडांना चांदोबातला ससा दाखवणारी आजी ज्या ओट्यावर बसलेली असते, तो ओटा आणि तो ससा एकाच जातीच्या दगडाचे असतात.

काळी आणि पांढरी

जुन्या मराठीत गावाच्या जमिनीचे दोन भाग. जिथे पीक येते ती ‘काळी’, जिथे वस्ती असते ती ‘पांढरी’. पाटील-कुलकर्ण्यांच्या कागदांत हे शब्द सतत भेटतात. गोदावरीकाठची गंगथडी वैजापूर तालुक्याच्या दक्षिण अंगाला आहे. तिथे काळी खोल आहे. उत्तरेला चढत गेले की ती पातळ होते, मुरूम वर येतो आणि शेतकरी ‘हलकी जमीन’ म्हणू लागतो. नकाशा न पाहता केवळ मातीच्या नावांवरून तालुक्याचा उतार सांगता येतो.

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांत हात जातो. तिच्यावर घर बांधले तर पाया हलतो. म्हणून वस्ती काळीवर होत नसे. थोड्या उंचवट्यावर, मुरमाच्या भक्कम जागेवर गाव बसे. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती साठत साठत त्या जागेची माती पांढुरकी होई. त्याच पांढऱ्या मातीने माळवदाची घरे लिंपली जात आणि गढीच्या वरच्या भिंती उभ्या राहत. खालचे जोते मात्र काळ्या दगडाचे. पावसाचे पाणी आणि जमिनीची ओल दगडाने अडवायची, उन्हाळ्यातला गारवा मातीने सांभाळायचा, असा तो करार होता.

दगड सांधायला लागणारा चुनासुद्धा याच खडकाच्या पोटचा. बेसाल्ट झिजताना त्यातले कॅल्शियम पाण्यात उतरते आणि काळ्या मातीत, ओढ्याकाठी चुनखडीचे गोटे होऊन साठते. ते भट्टीत भाजायचे, विझवायचे आणि घाणीत मळायचे. गोल चर, त्यात फिरणारे दगडी चाक आणि ते ओढणारे बैल, ही ती चुन्याची घाणी. घाणीचा चुना जितका मळला जाई, तितकी भिंत पक्की होई.

दगडाची शीर

दगड ताकदीने फुटतो असे लांबून पाहणाऱ्याला वाटते. वडार आणि पाथरवट यांना विचारले तर ते सांगतील की दगड नजरेने फुटतो. खडकाची शीर कुठून गेली आहे ते आधी ओळखायचे. त्या रेषेवर छिन्नीने ओळीने भोके घ्यायची, भोकांत पोलादी पाचरी बसवायच्या आणि घणाने एकेका पाचरीवर बेताने, पाळीपाळीने घाव घालायचे. एकाच पाचरीवर जोर केला तर दगड वेडावाकडा जातो. सगळ्या पाचरी सारख्या उतरत गेल्या की एका घावाला आवाज बदलतो आणि शिळा सरळ उकलते.

घडवण्याआधी दगड वाजवून पाहतात. अंगात भेग नसेल तर तो धातूसारखा खणखणतो, भेग असेल तर बद्द वाजतो. आपण ‘खणखणीत उत्तर’ म्हणतो, ‘खणखणीत आवाज’ म्हणतो. ज्याच्या आत खोट नाही त्याचाच आवाज असा येतो, हे दगड घडवणाऱ्याला रोज कानाने कळते.

कामाप्रमाणे दगडाची नावे बदलत. फोडलेला, ओबडधोबड तो डबर. पायात आणि भिंतीच्या पोटात जाणारा. चारी अंगांनी तासलेला तो घडीव. घडीव दगडांची सांध्याला सांध लावून बांधलेली भिंत ती चिरेबंदी. जोते, पायरी, उंबरठा, खांबाखालची तळखडी, जनावरांना पाणी पाजायची डोण, परसातले उखळ, स्वयंपाकघरातले पाटा-वरवंटा आणि खलबत्ता, तुळशीवृंदावन, वेशीबाहेरचा मारुती, लढाईत पडलेल्याच्या आठवणीची वीरगळ: एका खाणीतून एवढा संसार निघे. शेताच्या बांधावर शेंदूर लावून बसवलेला म्हसोबा तर घडवलेलाही नसतो. देवीच्या न घडवलेल्या शिळेला मराठीत ‘तांदळा’ हा खास शब्द आहे. दगड जसा सापडला तसाच देव झाला, आणि त्या तसेपणालाही भाषेने नाव दिले.

वडार समाजाने हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले, तळपत्या उन्हात, बिऱ्हाड पाठीवर घेऊन. आपण ज्या धरणाचे पाणी पितो, ज्या रस्त्याने जातो, ज्या देवळात हात जोडतो, त्यांच्या दगडांवर या माणसांच्या टाकीच्या खुणा आहेत. शिलालेखात दान देणाऱ्याचे नाव बहुधा असते, घाव घालणाऱ्याचे क्वचितच. हे कर्ज मराठी माणसाने मोकळेपणाने मानले पाहिजे.

खडकी, देवगिरी, वेरूळ

वैजापूरहून पूर्वेला निघाले की हा दगड काय काय होऊ शकतो ते एका दिवसात पाहता येते. १६१० मध्ये मलिक अंबरने ज्या जागी आपली राजधानी वसवली तिचे नाव खडकी. नावातच खडक. पुढे त्याच शहराचे औरंगाबाद झाले आणि आज छत्रपती संभाजीनगर. तिथला बीबी का मकबरा लांबून संगमरवरी वाटतो. खरे तर संगमरवर भिंतीच्या खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला आहे. मधला मोठा भाग काळ्या दगडाचा असून त्यावर बारीक गिलावा चढवलेला आहे. तो पांढरा डौल आत दडलेल्या बेसाल्टच्या खांद्यावर उभा आहे.

दौलताबादला, म्हणजे जुन्या देवगिरीला, टेकडीचा उतार तासून उभा कडा केला आणि भोवती खडकातच खंदक कोरला. इथे भिंत बांधलीच नाही, डोंगराचीच भिंत केली.

आणि वेरूळला तर बांधकामाचा क्रमच उलटा झाला. सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, वरून खाली कोरत आणले. बांधताना चुकीचा दगड काढून दुसरा बसवता येतो. कोरताना ती सोय नसते, गेलेला दगड परत येत नाही. त्यामुळे शिखराचा पहिला घाव घालण्याआधी तळाचा शेवटचा घाव मनात ठरलेला असावा लागतो. बडोद्याला सापडलेल्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटात या देवळाबद्दल एक सुंदर उल्लेख आहे. काम पुरे झाल्यावर घडवणाऱ्यालाच प्रश्न पडला, हे आपल्या हातून झाले तरी कसे.

यादवकाळातली मराठवाड्यातली आणि गोदाकाठची देवळे याच दगडाची. मोठमोठ्या शिळा चुन्याशिवाय, खाच आणि कूस एकमेकांत बसवून, स्वतःच्या वजनावर उभ्या केलेल्या. सिन्नरचा गोंदेश्वर आणि औंढा नागनाथ ही त्यांतली नावाजलेली. या बांधणीला लोकांनी यादवांचा मंत्री हेमाद्री याचे नाव दिले: हेमाडपंती. हेमाद्रीच्या आधीची देवळेही या नावात सामावली गेली. मोडी लिपीचे श्रेयही परंपरा त्याच हेमाडपंताला देते. दगडाची बांधणी आणि अक्षरांचे वळण, दोन्ही एका माणसाच्या पदरात टाकावी असे लोकांना वाटले, यात मोठा अर्थ आहे. दोन्हींत सांधा महत्त्वाचा.

दोन रेघा

आता हा दगड बोलण्यात कसा आला ते पाहू.

सराफाच्या पेटीत एक लहान, गुळगुळीत, काळा दगड असतो. सोन्याचा दागिना त्यावर घासला की पिवळी रेघ उमटते. शुद्धता ठाऊक असलेल्या सोन्याची रेघ शेजारी ओढून रंग ताडायचा, वर तेजाबाचा थेंब टाकायचा, हिणकस असेल तर रेघ पुसट होते. दगड बारीक कणांचा, गडद आणि सोन्याहून कितीतरी कठीण हवा, तरच सोने झिजते आणि दगड तसाच राहतो. संस्कृतात या दगडाला ‘कषपट्टिका’ म्हणत. तोंडात घोळत घोळत तिची ‘कसोटी’ झाली. आता परीक्षा सोन्याची असो की माणसाची, क्रिकेटचा सामना असो की संकटाचा काळ, आपण कसोटीच म्हणतो. कसाला लागणे, कस पाहणे हेही याच घरातले.

खुद्द ‘बेसाल्ट’ या शब्दाची गोष्ट ऐकली तर थक्क व्हायला होते. ग्रीक भाषेत कसोटीच्या दगडाला ‘बासानोस’ म्हणत, आणि पुढे तोच शब्द परीक्षा या अर्थीही रुळला. त्याचे मूळ इजिप्तच्या भाषेत असावे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याने इजिप्तकडच्या लोखंडी रंगाच्या दगडाचे वर्णन करताना त्यावरून झालेला ‘बासानाइटिस’ हा शब्द वापरला. हस्तलिखितांच्या नकला करणाऱ्यांच्या हातून त्याचे ‘बासाल्टिस’ झाले, असे अभ्यासक मानतात. १५४६ मध्ये जर्मन अभ्यासक अ‍ॅग्रिकोलाने सॅक्सनीतल्या काळ्या खांबदार खडकाला तेच नाव लावले आणि ते जगभर रुजले. म्हणजे आपल्या पायाखालच्या खडकाचे शास्त्रीय नाव आणि आपली ‘कसोटी’ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी सोने घासायचा काळा दगडच आहे.

दुसरी रेघ ‘काळ्या दगडावरची रेघ’. एखादी गोष्ट पक्की, न बदलणारी, हे सांगायला मराठीत याहून जोरकस शब्द नाहीत. दगड गडद, त्यावर छिन्नीने ओरखडा काढला की आतला ताजा भुगा फिकट दिसतो, म्हणून रेघ उठून दिसते. ती काढायला कष्ट पडतात आणि एकदा निघाली की पिढ्यान्‌पिढ्या राहते. दोन रेघांमधला फरक लक्षात घेण्यासारखा आहे. सोन्याची रेघ दगडावर उमटते, तिथे दगड परीक्षक असतो. छिन्नीची रेघ दगडात उतरते, तिथे दगड साक्षीदार असतो. पारखणे आणि पाळणे, सचोटीची ही दोन्ही अंगे आपल्या भाषेला एकाच काळ्या दगडाने दिली.

साक्षीदाराचे काम त्याने खरोखर केले आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांचा शिलालेख दोन हजार वर्षे टिकून आहे. त्यात ‘महारठी’ हा शब्द येतो. मराठीच्या प्राचीनतेची चर्चा झाली तेव्हा या लेखाचा दाखला पुढे आला, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अलिबागजवळच्या आक्षीचा शके ९३४ चा, म्हणजे १०१२ चा शिलालेख आद्य मराठी शिलालेखांत गणला जातो. कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव तालुक्यात पाटण आहे. तिथला १२०६ च्या सुमाराचा शिलालेख भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवणाऱ्या मठाला दिलेल्या दानाचा आहे. आधी संस्कृत, पण मठाला कोणी काय द्यायचे हा व्यवहाराचा भाग आला की लेख मराठीत येतो. जिथे गैरसमज परवडणार नाही, तिथे लोकांची भाषा दगडात उतरवली.

म्हणींमध्ये तर दगड जागोजाग आहे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. दगडापेक्षा वीट मऊ. कुणी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो, कुणी छातीवर दगड ठेवून निर्णय घेतो, कुणी आधी खडा टाकून पाहतो. मुले जगत नसत त्या घरात पुढच्या बाळाचे नाव दगडू किंवा धोंडू ठेवत. दगड म्हटल्यावर काळाची नजर जाणार नाही आणि दगडासारखे टिकेल, अशी त्यामागची आईची आशा. एवढ्या कठीण वस्तूच्या नावात एवढी माया मावते, हे भाषेचे बळ.

जात्याचा घास

शिलालेख राजांचे आणि दात्यांचे. बायकांचे शब्द कुठल्या दगडाने सांभाळले? जात्याने.

जात्याच्या दोन्ही तळ्या बेसाल्टच्या. दगड टणक, म्हणून पिठात कच उतरत नाही, आणि जड, म्हणून दाणा नीट भरडला जातो. दळून दळून तळी गुळगुळीत झाली की टाकी लावून घ्यावी लागे. छिन्नीने बारीक टोचे मारून दगडाला पुन्हा धार आणायची. पहाटे खुंट्याला हात घातला, घास टाकला, घरघर सुरू झाली की तिच्या लयीवर ओवी येई. माहेर, भाऊ, पंढरीची वाट, सासरचा सल, मेलेले मूल: दिवसा बोलता न येणारे सारे तिथे बोलले जाई. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावागावांतून अशा १ लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. कुठल्याही शिलालेख-संग्रहाएवढाच हा ठेवा मोलाचा आहे. फरक इतकाच की इथे दगडावर अक्षर उमटलेले नाही, दगडाच्या फिरण्याने ते गळ्यातून बाहेर आले.

पायाचा दगड

गोदावरी ओलांडून दक्षिणेला गेले की प्रवरेकाठी नेवासे आहे. तिथे एक दगडी खांब आहे, त्याला ‘पैस’ म्हणतात. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. दुर्गा भागवतांनी आपल्या ललित लेखांच्या पुस्तकाला याच खांबाचे नाव दिले. मराठी भाषेच्या सर्वांत मोठ्या ग्रंथाची आठवण लोकांनी सिंहासनाशी किंवा पोथीशी जोडली नाही, एका दगडी खांबाशी जोडली.

आणि वैजापूर तालुक्यातच शिऊर आहे. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंची समाधी तिथे आहे. तुकोबांना गुरू मानणाऱ्या या बाईंनी ‘वज्रसूची’ उपनिषदाचा आशय मराठी अभंगांत आणला. वज्रसूची म्हणजे हिऱ्याची सुई. जन्माने श्रेष्ठ ठरवण्याच्या पाषाणासारख्या समजुतीला त्यांनी त्या सुईने भोक पाडले. पण महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे तो त्यांच्या नावे असलेला दुसरा अभंग, ज्यात सगळा वारकरी संप्रदाय एक इमारत म्हणून उभा राहतो. पाया ज्ञानेश्वरांचा, विस्तार नामदेवांचा, खांब एकनाथांचा, कळस तुकोबांचा. गेल्या तीनशे वर्षांत मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची इतकी नेमकी मांडणी क्वचितच कुणी केली असेल.

ही प्रतिमा सुचायला भोवती कुणीतरी बांधत असावे लागते. पाया खणला जाताना, डबर भरला जाताना, खांब उभा राहताना पाहिलेल्या माणसालाच कळते की कळस दिसतो म्हणून तो मोठा आणि पाया दिसत नाही म्हणून लहान, असे नसते. ‘पायाचा दगड’ हा शब्द आपण आज भाषणांत सहज वापरतो. खोल पाषाणाला टेकेपर्यंत खणल्याशिवाय पाया भरायचा नाही, हे जाणणाऱ्या मुलखात तो शब्द जन्मला.

ब्रासच्या भावात

आज या दगडाचा सर्वांत मोठा खप खडीचा आहे. वैजापूरचे रेल्वे स्टेशन रोटेगाव. मनमाडकडून तिथे येणारा लोहमार्ग या खडीच्या गादीवरच टेकलेला आहे. धारदार कडांचे तुकडे एकमेकांत अडकतात, गाडीचा भार वाटून घेतात आणि पावसाचे पाणी खाली सोडून देतात, म्हणून गोल गोटे इथे चालत नाहीत. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला, तो वैजापूर तालुक्यातून गेला. ७०१ किलोमीटरच्या त्या संपूर्ण महामार्गाच्या काँक्रीटमध्ये निम्म्याहून अधिक भाग खडी आणि वाळूसारख्या दगडी मालाचाच. हल्ली वाळूही दगड दळूनच करतात. म्हणजे हा दगड कुठे गेलेला नाही. पूर्वी तो ओळखू येई, आता तो काँक्रीटच्या आत आहे.

रस्ते हवेत, घरे हवीत, आणि घणाखाली कंबर मोडून घेण्यापेक्षा यंत्र केव्हाही चांगले. पण क्रशरच्या तोंडात पडणाऱ्या दगडाची शीर कुणी पाहत नाही. त्याला आकाराचे आकडे आणि ब्रासचा भाव पुरतो. १०० घनफुटांचा एक ब्रास, त्याचे अमुक रुपये. शीर ओळखणारी नजर गेली की ‘शीर’ हा शब्द जातो. तळखडी, डोण, तांदळा, टाकी लावणे हे शब्द असेच एकेक करून उंबरठ्याबाहेर चालले आहेत. पडलेल्या वाड्याचे घडीव दगड ट्रॅक्टरमध्ये भरून नेले जातात, एखादी वीरगळ पायरी म्हणून उलटी बसवली जाते, आणि तिच्यावर कोण कोरलेला होता हे पाय देणाऱ्याला कळत नाही.

यावर करण्यासारखे बरेच काही आपल्या हातात आहे. गावातल्या शिळांचे फोटो काढून, कुठली कुठे आहे ते शाळेच्या वहीत नोंदवता येते. वाडा पाडायचाच असेल तर त्याच्या भागांची नावे घरातल्या वृद्धांकडून आधी लिहून घेता येतात. ज्या वडार आजोबांनी आयुष्यभर दगड फोडला त्यांच्यासमोर तासभर बसून, दगड कसा वाजतो ते ऐकता येते. दगडाला टिकायला आपली गरज नाही, तो साडेसहा कोटी वर्षे टिकला आहे. त्याच्या नावांना मात्र आपल्या तोंडाशिवाय दुसरे घर नाही.

वैजापूरकडे कुणाची विहीर चालू असेल तर मुलांना घेऊन काठावर जावे. वर आलेला ढिगारा दाखवून खणणाऱ्या काकांना विचारावे, हा कुठला दगड? ते ‘दगड’ एवढेच म्हणणार नाहीत. एकेक तुकडा उचलून हातावर ठेवतील आणि सांगतील: हा मुरूम, हा मांजऱ्या, हा पाषाण. मुलांनी ती नावे त्या तुकड्यांसकट घरी आणावीत.